राहिलेल्या प्रदक्षिणा

आपण चुकीच्या खिडकीपुढे तर उभे नाही ना, अशी शंका मला त्या श्रावणात सारखी यायची. मला आठवा महिना, आणि दर शनिवारी मी गाऱ्हाणं घेऊन जात होते ते नुग्गीकेरीच्या मारुतीकडे. सासूबाई हसायच्या. "अगं, त्या ब्रह्मचाऱ्याला बाळंतपणाच्या रजेतलं काय कळतंय? उगीच त्याचं डोकं कशाला खातीस?" चेष्टा करायच्या खऱ्या, पण रुईच्या पानांची माळ सकाळी स्वतःच ओवून ठेवायच्या आणि दुपारी रिक्षात माझ्या आधी जाऊन बसायच्या. आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पोटातली ती लेक माझ्याच शाळेत दप्तर घेऊन जाते. तरी शनिवारी सकाळची शाळा सुटल्याची घंटा झाली, की ओल्या रुईच्या पानांचा वास अजून नाकाशी येतो.

धारवाडच्या एका खाजगी शाळेत मी मराठी शिकवते. कानडी मुलखातली शाळा, त्यामुळे मराठी ही तिथे तिसरी भाषा, आणि ती घेणारी मुलं मूठभर. त्यांना शिकवणारी मी एकटीच. रजेचा अर्ज मी वेळेत दिला होता, पण महिना उलटून गेला तरी माझ्या जागी कुणाची सोय होईना. हेडसर मनाने चांगले. अडवणूक त्यांनी कधी केली नाही. एवढंच म्हणाले, "बाई, रजा तुमच्या हक्काची आहे, घ्या की. पण मराठीला माणूस कुठनं आणू? कोण मिळालं नाही तर मुलांना हिंदीच्या वर्गात बसवावं लागेल." त्याचा अर्थ मला पुरता कळत होता. एकदा मुलं तिकडे गेली की ती परत येत नाहीत, आणि मुलंच नाहीत म्हटल्यावर मराठीच्या बाई कशाला? ह्यांचं हुबळीतलं कोप्पीकर रोडवरचं दुकान नुकतंच बंद झालं होतं. घर माझ्या पगारावर चाललं होतं. ओळखीपाळखीत सगळीकडे विचारून झालं. बेळगावच्या एक बाई होय म्हणाल्या आणि रोजचा प्रवास ऐकून नाही म्हणाल्या. मग उरला मारुती. अकरा प्रदक्षिणांचा नेम मी धरला तो असा, भक्तीपेक्षा भीतीने.

तो श्रावणातला शेवटचा शनिवार. धारवाडची ती झिमझिम, धड पाऊस नाही आणि धड उघडीपही नाही. आवारात गर्दी, फरशी ओली. प्रदक्षिणा घालताना मी मनात जप करायच्या ऐवजी हिशेबच करत होते: हेडसरांना पुन्हा काय सांगू, आठवीच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना विनवू का. निम्म्या झाल्या असतील नसतील, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला धरून तिथेच खाली बसले. सासूबाई घाबरल्या, आणि घाबरल्या की त्या रागावतात. "तरी सांगत होते! आता एक पाऊल पुढं टाकायचं नाही." मला रडू फुटलं. नेम अर्धा राहिला म्हणजे नोकरीही गेली, असंच माझ्या मनाने त्या क्षणी धरलं. आज हसू येतं, पण तेव्हा ते अगदी खरं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या एक बाई थांबल्या. पन्नाशीच्या, इरकली साडी, हातात नारळाची पिशवी. मला वाटलं कानडी बोलतील, पण त्या सासूबाईंना मराठीत म्हणाल्या, "अव्वा, त्यांना रागावू नका हो. राहिलेल्या मी घालते की, त्यांच्या नावानं. नाव काय तुमचं?" मी रडत रडत नाव सांगितलं. असं दुसऱ्याने घातलेलं चालतं का, म्हणून सासूबाईंनी लगेच पुजाऱ्यांना कानडीत विचारलं. ते आरतीच्या गडबडीत होते. "हणमप्प नोडकोतान," एवढंच बोलून आत गेले. तो बघून घेईल. मग त्या अनोळखी बाई ओठांनी पुटपुटत चालू लागल्या, आणि दर फेरीला माझ्यासमोरून जाताना मान हलवायच्या, जणू सांगत होत्या, झाली हं ही पण. मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले. किती तरी दिवसांनी मी काही न करता बसले होते.

नंतर आम्ही तिघी बाहेरच्या गाड्यावर गिरमिट, म्हणजे इकडचे मसाल्याचे चुरमुरे, खायला थांबलो. त्यांचं नाव गिरिजाक्का. माहेर-सासर कानडी, पण मिस्टर रेल्वेत, त्यामुळे उमेदीची सगळी वर्षं मिरजेत गेलेली. आता बदलीने हुबळीला आल्या होत्या आणि नुग्गीकेरीला त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. "मिरजेत हायस्कूलला मराठी शिकवायचे मी," त्या मिरचीचं देठ मोडत सहज म्हणाल्या. "आता घरी बसून कंटाळा येतो. मिस्टरांना शुद्धलेखन शिकवावं तर ते पेपर घेऊन पळतात." माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग देवळाच्या शिखराकडे, आणि ब्रह्मचाऱ्याबद्दल त्या दिवशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

सोमवारी गिरिजाक्का हेडसरांना भेटल्या आणि त्याच आठवड्यात मुलांना शिकवू लागल्या. नवरात्रात मला मुलगी झाली. सगळं सुरळीत झालं, आता माझ्या जिवाला स्वस्थता हवी होती ना? पण मन मोठं लबाड. शाळेतली मुलं बाळाला बघायला यायची आणि गिरिजाक्कांचं कौतुक सांगायची: त्या किती छान वाचतात, कविता चालीवर म्हणायला लावतात. मी हसायची आणि आतून गार पडायची. माणूस मिळत नव्हता तेव्हा नोकरी जाईल ही भीती. आता इतका चांगला माणूस मिळाला म्हणून तीच भीती. एका दुपारी बाळ मांडीवर झोपलं होतं, मला उठताही येत नव्हतं, आणि ती ओली भिंत आठवली. तिथे तरी मी काय केलं होतं? नुसती टेकून बसले होते. मी मनात म्हटलं, मारुतीराया, तेव्हा बघितलंस, आताही तूच बघ. त्या दुपारी मलाही झोप लागली.

परीक्षा तोंडावर आल्या असताना मी पुन्हा रुजू झाले. हेडसरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, खरं सांगतो. संस्थाचालकांच्या मनात त्यांनाच कायम ठेवून घ्यायचं होतं. मी तसं विचारलंही. तर त्या म्हणाल्या, सर, या प्रदक्षिणा मी दुसऱ्या बाईंच्या नावानं घालायला घेतल्यात, आता माझ्या नावावर कशा करून घेऊ? मला काही उमगलं नाही बघा. शाळेचं बोलताना प्रदक्षिणांचं काय काढलं त्यांनी?" हेडसरांच्या समोर, शिपाई चहा घेऊन उभा असताना, मी पदर डोळ्यांना लावून रडले.

गिरिजाक्का पुढे मिस्टरांच्या बदलीने बळ्ळारीला गेल्या. दसऱ्याला फोन येतो, लेकीचा अभ्यास विचारतात. तेव्हा मला वाटायचं, मी थांबले की सगळंच थांबेल. तसं नसतं, हे मी त्या भिंतीशी बसून शिकले, आणि अजूनही अधूनमधून विसरते. या श्रावणातही आम्ही नुग्गीकेरीला जातो. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. दोन फेऱ्यांत त्या दमतात आणि त्याच भिंतीला टेकून बसतात. मी म्हणते, "बसा तुम्ही, राहिलेल्या मी घालते." त्यावर त्या मागून ओरडतात, "नाव माझं सांग हं! नाहीतर तो ब्रह्मचारी पुण्य तुझ्याच नावावर लावायचा." मी त्यांचं नाव घेते आणि चालू लागते.