मयत बाईच्या नंबरवरून आलेली खबर

मनमाडची ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. खून, दरोडे पुष्कळ तपासले. त्यातले बरेच आता आठवावे लागतात. हे प्रकरण आठवावे लागत नाही, आणि यात तर गुन्हाही दाखल झाला नव्हता.

मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, फोन आला होता. रेल्वे कॉलनीच्या मागं एका बाईला घरात डांबून ठेवलंय म्हणे. बाहेरून कुलूप. आवाज बाईचा होता. पत्ता नीट सांगितला, नाव विचारलं तर फोन ठेवून दिला."

निनावी खबरींचा माझा अनुभव असा, की निम्म्या नळावरच्या भांडणातून येतात. पण कोणत्या निम्म्या ते आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक खबर खरी धरूनच निघावे लागते. एका महिला हवालदाराला घेऊन मी निघालो.

जुनी इमारत, दुसरा मजला, जेमतेम एक माणूस चढेल एवढा जिना. दाराला खरोखरच कुलूप होते. हवालदारबाईंनी कडी वाजवली.

"कोण?" आतून बाईचा आवाज आला.

"पोलीस."

आत खाट करकरली. मग, "दादा ड्युटीवर गेलाय. चावी त्याच्याकडंच हाय."

भाऊ रेल्वेत कामाला होता. निरोप मिळताच तेलाचे डाग पडलेल्या कपड्यांनिशी धावत आला आणि त्याने दार उघडले. खोली स्वच्छ होती. खाटेवर चाळिशीची एक बाई बसली होती. लहानपणी पोलिओ झाला होता. दोन्ही पाय काडीसारखे. हाताशी पाणी, झाकून ठेवलेला डबा, धुतलेले कपडे. अंगावर मारहाणीची खूण नाही. "मला काय त्रास नाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.

शेजाऱ्यांना विचारले. आई वारल्यापासून बहीण-भाऊ दोघेच राहतात, भावाने लग्न केले नाही, माणूस देवासारखा आहे, असे सगळ्यांनी सांगितले. तिला शेवटचे कधी पाहिले, असे विचारल्यावर मात्र जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला.

भावाला ठाण्यात आणले. तो संतापला होता.

"कोणी खबर दिली ते आधी सांगा! मी तिला डांबलं नाय साहेब. शेजारी चोर शिरला होता. तिला उठून कडी लावता येत नाय. उघडं टाकून ड्युटीवर जाऊ?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ती खाली कधी उतरली होती?"

तो गप्प झाला. चौकशीत माणूस जिथे गप्प होतो तिथे पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. मी चहा मागवला आणि बसून राहिलो.

"आई तिला पाठीवर घेऊन उतरायची," बऱ्याच वेळाने तो बोलला. "आई गेल्यावर एकदा मी घेतलं. जिन्यात पाय सटकला, दोघंही खाली आलो. तिचा हात मोडला. त्यानंतर छातीच होत नाय, साहेब. हे कोणाला सांगितलं नाय."

एवढ्यात अंमलदाराने मला बाहेर बोलावले. ज्या नंबरवरून खबर आली त्याची माहिती मिळाली होती. सिमकार्ड एका बाईच्या नावावर होते. मी आत येऊन भावाला सहज विचारल्यासारखे आईचे नाव विचारले. तेच नाव. मयत बाईच्या नंबरवरून कोणी फोन केला, हे शोधायला आणखी तपास नको होता.

भावाला काही न सांगता मी त्याच्याकडून चावी घेतली आणि हवालदारबाईंसह परत तो जिना चढलो. या वेळी कुलूप मी माझ्या हाताने उघडले.

तिने आम्हाला बघताच विचारले, "दादाला अटक केली का? त्याची नोकरी जाईल का?"

"फोन तुम्ही केलात?"

तिने उशीखालून जुना मोबाइल काढून पुढे केला. "आईचा हाय."

"डांबून ठेवलंय असं का सांगितलं?"

"मग काय सांगू? अपंगाचा दाखला काढायचाय, त्याच्यासाठी नाशिकला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांपुढं जावं लागतं, हे ज्याला त्याला फोनवर सांगून झालं. समदे म्हणाले, बघू. दादा म्हणतो, मी हाय ना, तुला काय कमी हाय? कमी कायच नाय, साहेब. दिवसभरात माझ्याशी बोलायलाच कोणी नाय. मोबाइलवर बघते, माझ्यासारख्या बाया चाकाच्या खुर्चीत बसून बाजारात जातात. डांबलंय म्हटलं, तर तुम्ही लगेच आलात." आणि मग डोळे पुसून म्हणाली, "खोटी खबर दिली. काय शिक्षा असंल ती करा."

"कुलूप आत्ता मीच उघडलंय," मी म्हणालो. "खबर खोटी होती असं कसं लिहू?"

कागदोपत्री मला दोन वाटा होत्या. खोट्या माहितीबद्दल तिच्यावर कारवाई, नाहीतर तिला कोंडून ठेवल्याबद्दल भावावर गुन्हा. तो निलंबित झाला असता आणि ती त्याच खाटेवर उपाशी राहिली असती. मी स्टेशन डायरीत लिहिले: महिला सुरक्षित, नातेवाइकास समज दिली.

दादाला मीच सांगते, असे ती म्हणाली होती. मी त्याला घरी घेऊन गेलो. तिने सांगितले. तो खाटेच्या कडेला बसला.

"मला का नाय सांगितलं तू?"

"सांगितलं ना दादा. रोज सांगितलं."

हवालदारबाईंच्या ओळखीची एक बाई बाजारात शिवणकामाचे दुकान चालवायची. स्वतः कुबड्यांवर चालणारी. या सगळ्यातून आधी गेलेली. दुसऱ्या दिवशी ती एकेक पायरी करत तो जिना चढली आणि खाटेशेजारी बसून तिने मोबाइलवर या बहिणीचा दाखल्याचा अर्ज भरला. फोटो काढताना दोघी कशावरून तरी हसल्या. भाऊ बाहेर उभा होता. तो मला म्हणाला, "आई गेल्यापासून हसलेली ऐकली नव्हती."

नाशिकच्या तपासणीच्या दिवशी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माझ्या दोन शिपायांनी खाली उतरवले. भाऊ खुर्ची धरायला पुढे झाला आणि पुन्हा मागे सरला. "तू फक्त तिच्याशी बोलत मागून ये," मी त्याला सांगितले. खाली आल्यावर तिने मान वर करून आपली खिडकी शोधली. "एवढीशी हाय व्हय?" म्हणाली.

दाखला झाला, पुढे दिव्यांगाचे कार्डही आले. तहसीलमध्ये निराधार योजनेचा अर्ज मात्र भावाच्या पगारामुळे नियमात बसला नाही. पण नगरपालिकेच्या दिव्यांग निधीतून चाकाची खुर्ची मिळाली, आणि तेच कार्ड जोडून भावाने रेल्वेच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरसाठी विनंती अर्ज केला. तो मंजूर झाला.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी त्या नव्या घरावरून गेलो. ती दारात खुर्चीत बसून ब्लाउजला हूक लावत होती. शिवणवाल्या ताई काम पाठवत होत्या.

"आता बरं वाटतं ना?" मी जीपमधूनच विचारले.

"बरं हाय." मग जरा थांबून म्हणाली, "वर असताना वाटायचं, खाली गेलं की माणसं भेटतील. दिसतात लय. समदे हात करतात अन् पुढं जातात."

काही अडचण असेल तर ठाण्यात कळवा, असे नेहमीचे वाक्य मी बोललो.

"अडचण कायच नाय, साहेब. दादा यायला वेळ हाय, तोवर बसा की. चहा टाकते."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शेकडो घरांचे उंबरे ओलांडले. झडतीसाठी, पंचनाम्यासाठी, वाईट बातमी द्यायला. काम नसताना एकाही घरात बसलो नव्हतो. आपण लोकांना तक्रार काय ते विचारतो. तक्रार नसलेल्या माणसाकडे कोणीच जात नाही, हे मला त्या बाईने शिकवले.

मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली आणि खाली उतरलो.