भिंतीला कुठं उकडतंय
केदारखेड्याच्या दुर्गाबाई रेशमाच्या अळ्या पाळतात. शेडातला थर्मामीटर त्या भिंतीला टांगत नाहीत. अळ्या पाला खातात त्या रॅकवरच लावतात. "भिंतीला कुठं उकडतंय?" म्हणतात.

त्यांची मुलगी राजनंदिनी पुण्यात डेटा सेंटर थंड ठेवायची गणितं संगणकावर मांडते. गणितात सगळं थंडगार होतं, तरी रॅकमधल्या वरच्या मशिनी तापायच्या. साहेब नवा एसी मागवायला निघाले, दुसरं काय सुचणार. हिनं छताजवळचे थर्मामीटर काढून प्रत्येक मशिनीच्या तोंडाशी लावले आणि गणित पुन्हा मांडलं. मशिनींच्या मागची गरम हवा मधल्या रिकाम्या फटींतून पुढे येत होती. फटी पत्र्यानं बुजवल्या. नवा एसी राहिला बाजूला, होते त्यातलेच दोन बंद करता आले.

अहवालात तिनं या पद्धतीपुढे आईचं नाव लिहिलं.

"या मॅडम कोणत्या कंपनीत असतात?" साहेबांनी विचारलं.

"शेडात असती, सर. आत्ता पाला टाकून राह्यली असंल."