चान्या राखताना

आई गेली आणि आबांनी जेवण सोडलं. म्हणायला ताटावर बसायचे. भाकरीचा तुकडा मोडायचे, आमटीत बुडवायचे आणि तसाच ठेवून उठायचे. आयुष्यभर एसटी चालवलेला दणकट माणूस असा आटला की सदऱ्यात दुसराच कुणीतरी शिरलाय असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर उन्हाळा निघणं अवघड आहे. मी एकुलती एक लेक. कागलला सासर, पण नोकरीवर रजा टाकून कोल्हापुरात येऊन राहिले, ती एवढ्याचसाठी की या माणसाच्या पोटात चार घास जावेत. रडून झालं, भांडून झालं, एकदा रागाच्या भरात ताटसुद्धा आपटलं. शष्प उपयोग झाला नाही.

मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "चान्या हायत का गं घरात?"

नव्हत्या. डबा कधीच रिकामा झाला होता. पण आबांनी काहीतरी खायला मागितलं, या आनंदात मी पायात चपला अडकवून थेट मटणाचं दुकान गाठलं. "एवढं बिनहाडाचं? बिर्याणी हाय काय ताई?" दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, "व्हय, बिर्याणीच हाय." चान्या करणार म्हणून सांगायची अजून लाज वाटते बघा.

चान्या म्हणजे वाळवलेलं मांस. लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर उन्हात टाकायच्या आणि कडकडीत झाल्या की डब्यात भरायच्या. लागेल तेव्हा एखादी निखाऱ्यावर भाजून लसणाबरोबर ठेचायची. तोंडात टाकली की आधी वहाणेचा पट्टा चघळतोय असं वाटतं. मग हळूहळू खारट, धुरकट रस सुटतो आणि दुसरी घेतल्याशिवाय राहवत नाही. शाळेत माझ्या कंपासपेटीत कायम एक तुकडा असायचा. गणिताचा तास त्याच्यावर निघायचा.

आईचं माहेर राधानगरीकडचं. तिकडं पाऊस एकदा लागला की दार उघडायची सोय नाही, म्हणून चुलीवरच्या दोरीला चान्या टांगलेल्या असायच्या. त्याच्याही आधी, गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या लोकांवर होतं. त्याचं मांस वाटून घ्यायचं, एक दिवस ओलं खायचं आणि उरलेलं वर्षासाठी वाळवायचं. धर्म बदलला तेव्हा आमच्या माणसांनी हे काम सोडलं आणि मेलेल्याचं खाणंही सोडलं. काही जाणती माणसं म्हणाली, आता चान्याही नकोत, त्या जुन्या दिवसांचा वास येतो. त्यावर आई फणकारायची, "मेलेल्याचं सोडलं की. वाळवायचं सोडा म्हणून कुणी सांगितलंय?"

आणि दर उन्हाळ्यात ती विकतचं मटण आणून वाळवायचीच. आमच्या कॉलनीत सगळ्या तऱ्हेची माणसं, त्यात गच्ची सामाईक. म्हणून चारी बाजूंच्या दोऱ्यांवर चादरी आणि मधल्या दोरीवर चान्या. सगळ्यांना माहीत होतं, पण दिसत नव्हतं म्हणून सगळ्यांचं बरं चाललं होतं. त्या चादरींच्या खोलीत स्टूल टाकून आई दिवसभर राखण करायची आणि एकटीच मोठमोठ्यानं बोलत राहायची. जावांच्या उखाळ्यापाखाळ्या, तेलाचा भाव, माझ्या लग्नाची काळजी, काय वाट्टेल ते. म्हणायची, "गप बसलीस की कावळा आलाच म्हणून समज."

मी वर चान्या टांगल्या, चादरी टाकल्या, स्टुलावर बसले. पण एकटीनं काय बोलायचं? तोंडच उघडेना. थोड्या वेळानं पाण्याच्या टाकीवर कावळे जमायला लागले. मी काठी सावरून बसले, पण एकही खाली आला नाही. माना वाकड्या करून नुसते बघत राहिले. मटणाकडं नाही आणि माझ्याकडंही नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं. मी काठी तिथंच टाकली आणि खाली पळाले.

दुपारी जीव मुठीत धरून परत गेले. म्हटलं, आता काय उरलंय! तर चान्या जागच्या जागी. शिवाय सगळ्या उलटलेल्या, ओली बाजू उन्हाकडं. स्टूल सावलीला सरकवलेलं. मी चान्यांना हातसुद्धा लावला नव्हता. आबांना काठीशिवाय संडासपर्यंत जाता येत नव्हतं, ते जिना कुठला चढणार?

उतरताना खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, शुद्ध शाकाहारी, पण आईच्या चान्यांबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "कुणाशी बोलत होतीस गं एवढा वेळ? अगदी आईसारखा आवाज झालाय तुझा."

मी "फोनवर" असं काहीतरी पुटपुटले आणि दार लावून घेतलं. आमच्यात पिंडाला कावळा शिवायची भानगड नाही. भुताखेताचं नाव काढलं तर आईच पाठीत धपाटा घालायची. तीच मी, आता दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लावून बसले होते. आबांना काही सांगितलं नाही. ते मात्र कॉटवर पडून छताकडं बघत होते आणि मधूनच मान हलवत होते, समोरचं माणूस बोलत असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले तर कॉट रिकामा. काठी भिंतीला टेकलेली. जिना कसा चढले ते माझं मला ठाऊक. चादरींच्या आतून आबांचं बोलणं ऐकू येत होतं. मधेच ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी चादर बाजूला केली. स्टूल रिकामं होतं आणि आबा त्याच्यासमोर खाली मांडी घालून बसले होते.

"आबा! वर कसं आलासा तुम्ही?"

"आलो की. ती हाका मारत हुती, किती वेळ ऐकून घ्यायचं? चल, भूक लागलीया."

दोरीवरच्या वाळत आलेल्या मूठभर चान्या मी ओढून घेतल्या आणि त्यांना धरून खाली आणलं. त्यातल्या थोड्या गॅसवर जाळी ठेवून भाजल्या, ठेचल्या, गरम भाकरीबरोबर वाढल्या. आणि आबा जेवले! अर्धी भाकरी, मग दुसरी अर्धी, बोटं चाटून. मला हसावं का रडावं कळेना. गच्चीवर जे काय असेल त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

पण आबा भराभर जेवत होते, गाडी सुटायची वेळ झालेल्या माणसासारखे. मी म्हटलं, "सावकाश खावा की. कुठं जायचं हाय एवढं घाईनं?"

"तुझी आई थांबलीया वर," ते सहज म्हणाले, मंडईत जाऊन येतो म्हणावं तसं. "म्हणाली, आधी पोटभर जेवून घ्या, मग या."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्यांच्या ताटात शेवटचा तुकडा होता आणि तो त्यांनी उचलला. घरात उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या चान्या मी एकदम जाळीवर टाकल्या.

"पुरं की गं आता," आबा म्हणाले.

"न्हाय पुरं," मी ओरडले. "अजून जेवण व्हायचंय तुमचं."