शेवटचा कुकारो

देव, भूत, देवचार यातलं काहीच मी मानत नाही, हे आधीच सांगतो. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. मशीनने रीडिंग दाखवलं तर ते खरं, नाहीतर नाही... एवढाच माझा धर्म. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, धारगळच्या हायवेपासून बरंच आत, एका डोंगरावर जुना कोट आहे. नाव सांगणार नाही, उद्या रीलवाले तिथे नाचायला जातील. तटबंदी अर्धीअधिक पडलेली, मध्ये कोरडी विहीर, एक बुरूज तेवढा शाबूत. पायथ्याशी फणसाच्या झाडाखाली एक गाडा आहे, चहा आणि भजी-पाव मिळतो. गाडा चालवते ती शेवंतीबाय.

पावसाळा नुकताच सरला होता. रविवारी आम्ही कामावरचे सगळे जाणार होतो. सकाळी ग्रुपवर एकेकाचे मेसेज आले, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं पोट बिघडलेलं. मी म्हटलं, खड्ड्यात जा, आणि एकटाच गेलो. वर बुरुजावर बसून उंड्यात, म्हणजे इथल्या गोल पावात, घातलेलं ऑम्लेट खाल्लं. फोटो काढले, पण ते पाठवायचे कुणाला हे सुचेना. तसाच बसून राहिलो आणि सूर्य कधी टेकला ते कळलंच नाही.

उतरताना वाट चुकली. गवत कमरेच्या वर, करवंदीच्या जाळ्या, फोनला रेंज नाही. "कोण आहे का?" म्हणून ओरडून बघितलं. मग मामाच्या गावाची, कारापूरची आठवण झाली. लहानपणी काजूच्या बागेत कुणी दिसेनासं झालं की मामा कुकारो घालायचा, म्हणजे लांब "कूऽऽऽ". तोंडाभोवती हात धरून मीही घातला.

खालून, डाव्या अंगाने, ओ आली... "कूऽऽऽ".

पुरुषाचा आवाज, वयस्क, शेवटी किंचित फाटणारा. मी घालायचो, तो ओ द्यायचा. दर वेळी माझ्यापेक्षा थोडं खाली, आणखी थोडं खाली. त्याच्यामागून उतरत मी थेट फणसापाशी आलो. शेवटची ओ झाडाच्या पलीकडून आली होती. बघितलं तर तिथे कोणी नाही.

शेवंतीबाय गाडा आवरत होती.

"वर कुकारो तू घातलंस?" तिने विचारलं.

"होय. खालून ओ कोणी दिली? त्यांना चहा पाजायचाय."

"हंय माझ्याबगर कोण आसा? माझो घोव पेडण्याक गेलो हा." म्हणजे तिचा नवराही इथे नव्हता. "मगे पावल्यार परत घातलंस मां?"

"खाली पोचल्यावर? परत कशाला?"

"खाली पावल्यार एक शेवटचो कुकारो घालूचो आसता, बाबा. मगे ओ देणारो घराक जाता. नायतर बिचारो तुका सोदीत रवतलो."

"मला शोधत राहील? पण तो कोण?"

"तां आमी इचारूक नाय."

मला हसू आलं. वर जाताना खाल्लेल्या भजीचे पैसे दिले आणि बाइक काढली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, खोलीचं कुलूप काढतोय, आणि लांबून... कूऽऽऽ. म्हटलं, कान वाजतायत. पण मग रोज तेच. कुलपाला किल्ली लावली की नेमकं तेव्हाच. शेजारच्या खोलीतल्या पोराला विचारलं, तर त्याला काही ऐकू येत नव्हतं.

यापुढचं सांगायला अवघड जातंय. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. आई होती तोवर रोज या वेळेला फोन करायची, "पावलो रे?" एवढंच. मी "पावलों" म्हणायचो, फोन बंद. ती गेल्यापासून मी घरी पोचलो की नाही, याचं जगात कुणालाच काही पडलेलं नव्हतं. आता कुणीतरी विचारत होतं. म्हणून कोटाकडे जायचं मी मुद्दाम टाळलं. आज जाऊ, उद्या जाऊ.

पण आवाज बसत चालला. आधी घोगरा झाला, मग मध्येच तुटायला लागला. रानात कुणी म्हातारा मला हाका मारत फिरतोय आणि मी इथे खोलीत सुखाने ऐकतोय... एका संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

रविवारी गेलो. फणसाखाली उभा राहिलो. शेवंतीबायने बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. घालायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. हा घातला की संपलं, मला माहीत होतं. तेवढ्यात वरून त्याची हाक आली, अगदी क्षीण, ऐकवेना.

मी हात तोंडाशी धरून जीव खाऊन कुकारो घातला. आणि का कोण जाणे, मागून ओरडलो, "पावलों!"

डोंगर गप्प झाला. नंतर काहीच आलं नाही.

"गेलो घराक," शेवंतीबाय म्हणाली आणि तिने मला चहा दिला.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. वाऱ्याचा आवाज म्हणा, मनाचे खेळ म्हणा, मी वाद घालणार नाही. आता खोलीवर शांत असतं. किल्ली लावल्यावर मी जरा थांबतो, मग हळूच "पावलों" म्हणतो आणि आत जातो. ज्याला कधी बघितलंसुद्धा नाही, त्याची मला फार आठवण येते.