मागणी नसलेलं गाणं

आमच्या घरात कागद रिमानं यायचा. बाबा जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला आणि कामगार संघटनेचे पदाधिकारी. संध्याकाळी अख्खं घर पत्रकांना घड्या घालत बसायचं, आणि घडी चमच्याच्या पाठीनं दाबायची असते हे मला अक्षरओळखीच्या आधी माहीत होतं. जोडाक्षरंही मी पत्रकांवरूनच शिकले. 'कंत्राटी' आणि 'सुरक्षा' हे शब्द मला वाचता यायचे तेव्हा वर्गातली मुलं 'कमळ' गिरवत होती.

पत्रकाचा बाबांनी सांगितलेला नियम सोपा होता. गेटवर कागद हातात पडला की चहाच्या टपरीपर्यंत तो वाचून झाला पाहिजे, आणि टपरीवर दुसऱ्याला सांगता आला पाहिजे. नाही सांगता आला तर चूक लिहिणाऱ्याची. कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, मागणी काय आहे. हा नियम मला आजही मान्य आहे. आता संघटनेची पत्रकं मीच लिहिते आणि मीच संगणकावर जुळवते.

म्हणून ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला.

दुपारची वेळ होती. संघटनेच्या खोलीत मी हातमोज्यांच्या मागणीचं पत्रक जुळवत होते आणि मागं संगणकावर एकामागून एक गाणी आपोआप लागत होती. मध्येच एक बाई गायला लागली. गिटार पाण्याखाली वाजत असल्यासारखी, ढोल उघडउघड यंत्राचा, आणि त्यावर तिचा उंच आवाज. एकच आवाज, पण एकावर एक चढवलेला, जणू एकाच बाईचा मोर्चा. मी शब्द पकडायचा प्रयत्न केला. इंग्रजी नव्हती. कोणती भाषा म्हणून शोधायला गेले तर गाण्याखाली जगभरचे लोक भांडत होते. कोणी म्हणत होतं ही एका बेटावरची जुनी बोली आहे, कोणी म्हणत होतं प्रार्थना आहे. एकानं सरळ लिहिलं होतं की यात शब्दच नाहीत, तोंडाला बरी वाटतील ती अक्षरं ती गाते.

माईक हातात असलेल्या बाईनं काहीच म्हणू नये? आमच्या गेटसभेत बाईच्या हातात माईक यायला किती वर्षं लागली हे मला माहीत होतं. हरकत नेमकी कशावर घ्यायची हे ठरवायला म्हणून मी ते गाणं आठवडाभर ऐकलं. आठवड्याच्या शेवटी हरकत तयार होती आणि गाणंही पाठ झालं होतं. शब्द नसलेलं गाणंही पाठ होतं, हे मला तेव्हा कळलं.

या संगीताला इथीरियल डार्कवेव्ह म्हणतात. नाव भारदस्त आहे. सवयीनं मी त्याचं मराठी करून पाहिलं, 'अंधारलहर'. एखाद्या कीटकनाशकाचं नाव वाटलं. सोडून दिलं.

पुढचा प्रश्न होता, असं गाणारे आणखी कोण? अॅप त्यासाठी तयारच असतं. एक गाणं आवडलं म्हटलं की 'सारखे कलाकार' म्हणून रांग लावून देतं. थोड्या दिवसांत लक्षात आलं की रांग फिरून फिरून त्याच चारपाच नावांवर येते. कंपनीनं ठरवलेल्या रांगेत मी का उभी राहू? एखाद्या मिलचा खरा मालक कोण हे काढायचं असेल तर आम्ही गेटवरची पाटी वाचत नाही. ट्रकवर कोणाचं नाव आहे, वीजमीटर कोणाच्या नावे आहे, भंगार कोण उचलतं ते बघतो. तोच रस्ता मी इथं धरला. ढोलाचं यंत्र कोणी लावलं, रेकॉर्डिंग कोणी केलं, ही बाई आधी कोणाबरोबर गायची. असं करत एका जोडीपर्यंत पोचले, ज्यांचा बाजा देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा वाटतो. तिथून एका बर्फाळ देशातल्या गटापर्यंत. त्यातला पुरुषाचा खर्जातला आवाज मला अजूनही आवडत नाही. मग दक्षिण अमेरिकेतली एक मुलगी सापडली. घराच्या एका खोलीत एकटीच रेकॉर्ड करते, मध्येच कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं आणि ती ते काढून टाकत नाही.

नकली पण खूप निघाले. काळे झगे, मेणबत्त्या, धूर, आणि गाण्यात नुसता घुमारा. घुमारा कोणीही वाढवू शकतो, एक बटण फिरवायचं असतं. ज्यांना जमतं ते आवाज सोडतात आणि तो परत यायची वाट बघतात. वाट बघण्यात घाई करत नाहीत. एवढाच फरक मी काढू शकले.

अर्थ शोधणं सुटलं ते शहागडजवळ. पत्रकं वाटून आम्ही टेम्पोत मागं बसून परत येत होतो, मी आणि माझी मैत्रीण. ती परतूरकडची, घरी मेंढरं, स्वतः इथं एका बियाणे कंपनीत बी निवडायच्या कामाला. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. गोदावरीचा पूल लागला, शेजारून ट्रक जायला लागले, आणि गाणं कुठं संपतं आणि पूल कुठं सुरू होतो ते कळेना. पूल ओलांडल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणून राह्यली ही?"

"काही नाही."

"मंग बरंय," ती म्हणाली. "दिवसभर सगळे काहीतरी म्हणूनच राह्यलेत मला."

तिथून रविवारची दुपार सुरू झाली. संघटनेच्या खोलीत गेटसभेचे दोन मोठे स्पीकर आहेत. दुपारी खोली रिकामी असते. मी, मैत्रीण आणि भट्टीवर काम करणारे एक काका, असे तिघं बसायचो. काका का यायचे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. भिंतीला टेकून डोळे मिटायचे.

आणि मग मी, पत्रकांत वाढलेली मुलगी जे करणार तेच केलं. चांगली गोष्ट आहे तर लोकांपर्यंत गेली पाहिजे, म्हणून पत्रक काढलं. 'रविवारी दुपारी संगीत ऐकण्यासाठी या.' गेटवर वाटलं. खोली भरली. पण आमच्याकडे पत्रक वाचून आलेला माणूस सभेला आलेला असतो.

"अध्यक्ष कोण हाय?" एकानं आल्या आल्या विचारलं.

"अध्यक्ष नाही. नुसतं ऐकायचंय."

"मंग खुर्ची कशाला मांडली?"

खुर्ची रिकामी बरी दिसत नाही म्हणून संघटनेच्या सचिवांना तिच्यावर बसवण्यात आलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी गाणं लावलं. एकानं स्पीकरकडं बोट दाखवलं.

"मशीन खराब हाय का? आवाज घुमून राह्यला."

"खराब न्हाई, असंच असतंय ते," मैत्रीण म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आपल्या गेटवर बिनामुद्दाम घुमतो की!"

हशा झाला. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि मागून प्रश्न आला, "बाईची मागणी काय हाय?"

अण्णा उठले. सभेत प्रश्न आला आणि ते बसून राहिले असं कधी झालेलं नाही. "साथींनो," ते म्हणाले, "ही एक माय हाय. तिचं लेकरू लढाईत गेलंय. ती सरकारला जाब विचारून राह्यली." खोलीभर माना हलल्या. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कोणीतरी म्हणालं, "ठराव घ्या मंग." अण्णांनी विचारलं, "युद्धाच्या निषेधाचा?" आणि भराभर हात वर गेले.

"अण्णा, ती काहीच विचारत नाही," मी म्हणाले. "त्यात शब्दच नाहीत."

"शब्द न्हाईत?"

"नाहीत."

हात वरच होते. पुढं बसलेल्या एकानं आपल्या हाताकडं बघितलं. "मंग आपण हे कशाला वर केलेत?"

त्या दिवशी हसण्यावारी गेलं, पण गोष्ट कार्यकारिणीपर्यंत पोचली. खोलीचा एकच नियम आहे. ज्याला खोली पाहिजे त्यानं काम सांगायचं. आमच्या रविवारचं काम काय, हा विषय बैठकीत ठेवला गेला.

खोली गेली तर दुसरी जागा नव्हती. मैत्रीण ज्या खोलीत राहते तिथं मुली पाळीपाळीनं कामावर जातात, कोणी ना कोणी झोपलेलंच असतं. आमच्या घरी बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपतात. फोनवर त्या गाण्याचा खालचा अर्धा भाग ऐकूच येत नाही. मैत्रीण मला म्हणाली, "आठवड्यात हा एक तास हाय ज्याच्यात मला कोणी काही सांगत न्हाई. सुपरवायझर न्हाई, घरचा फोन न्हाई. तू तुझ्या तोंडानं तो घालवू नको."

बैठकीआधी अण्णांनी मला टपरीवर नेलं. "पोरी, 'सांस्कृतिक जागृती' म्हण. दोन शब्द. खोली तुझी."

"जागृती होत नाही अण्णा त्यानं."

"थोडीफार?"

"बिलकुल नाही. उलट डोळे मिटतात लोक."

अण्णांनी कपातला चहा संपवला. "हट्टी हायस."

"खोटी ओळ छापायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

"छापायची कुठं हाय? बोलायचीय."

मी नाही म्हणाले. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबर होतं. तत्त्व माझं होतं आणि तास तिचाही.

बैठकीत पहिल्यांदा बाबाच बोलले. "ही खोली वर्गणीतून उभी राह्यली. ज्याचं काम त्याची खोली. माझी पोरगी हाय म्हणून नियम वाकणार न्हाई. उद्या कोणी पत्ते घेऊन आला तर त्याला काय सांगायचं?" ते खाली बसले. त्यांच्या बोलण्यात मला दोष सापडला नाही. पत्रक म्हणून ते चांगलं होतं.

मग मी उभी राहिले. "आपल्या मे महिन्याच्या पत्रकात दरवर्षी एक ओळ असते. आठ तास काम, आठ तास आराम, आठ तास आमचे. ती ओळ आता मी जुळवते. त्या शेवटच्या आठ तासांत आम्ही काय करणार, हे आपण मालकाला कधी सांगितलंय? सांगणार पण नाही. मग एकमेकांना का विचारायचं? मला त्या आठातला एक तास पाहिजे. काम काही नाही."

 भट्टीवरचे काका म्हणाले, "पोरगी बराबर बोलली. घरी मी नुसता बसलो की माझी बायकोबी हेच विचारती, काय करून राह्यले म्हणून. निदान हितं तरी विचारू नका." हसू पसरलं. मतदान झालं. थोड्याच मतांच्या फरकानं, पण ठराव आमच्या बाजूनं गेला. बाबांनी विरोधात हात वर केला होता, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत तो सरळ ठेवला होता.

घरी जेवताना ते म्हणाले, "जिंकलीस म्हणून मी चूक ठरलो न्हाई."

"नाही ठरलात."

"पत्तेवाला आला तर?"

"येऊ द्या."

"हं," म्हणाले आणि भाकरी मोडली. या विषयावर आमचं अजून एकमत नाही.

पुढच्या रविवारी ज्यांनी आमच्या बाजूनं हात वर केले होते त्यांतलं काकांशिवाय कोणी आलं नाही.  मैत्रीण आली, थोडी उशिरा, आणि माझ्याकडं न बघता स्पीकरच्या वायरी जोडायला बसली. या वेळी पत्रक नव्हतं, खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. मी त्या दक्षिण अमेरिकेतल्या मुलीचं एक लांब गाणं लावलं. सुरुवातीला बराच वेळ त्यात एकच सूर धरलेला आहे.

गाणं अर्ध्यात असताना दारात एक कामगार उभा राहिला. हातात हेल्मेट, खिशात घडी केलेला कागद. मी त्याला ओळखत नव्हते, पण तो काम घेऊन आला होता हे दिसत होतं. खोली त्याचीही होती, माझ्याआधी त्याची होती. मी आवाज बंद करायला उठले. मैत्रिणीनं माझा हात धरला.

"संपू दे," ती हळू म्हणाली.

मी काही ठरवायच्या आत त्या माणसानं दाराबाहेर चपला काढल्या, हेल्मेट खाली ठेवलं, दोन्ही हात पुढं एकमेकांत धरले आणि मान खाली घातली. तसाच उभा राहिला, गाणं संपेपर्यंत. काकांनी डोळे उघडले नव्हते. आवाज थांबल्यावरही घुमारा थोडा वेळ खोलीत राहिला. तो पण संपल्यावर त्या माणसानं मान वर केली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कोण वारलं?"

"कोणी नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि सतरंजीवर बसून खिशातला कागद काढायला लागला.