शेततळ्यावरच्या दोऱ्या

“पाणकावळा उजेडी चोरी करतंय, वाघूळ अंधारी पाणी मागतंय, दोघांला एकच फास लावू नको बाबा.”

धोंडाबाईनं हे लेकाला एकदाच सांगितलं होतं. चाकूरजवळच्या शेततळ्यावर भारतनं नायलॉनच्या बारीक दोऱ्या ताणल्या, त्या दिवशी. गावचा तलाव होळीआधीच आटलेला. पाणी म्हणून काय ते या तळ्यात. पाणकावळे सकाळी थव्यानं यायचे, बुडी मारून पाळलेले रोहू मासे उचलायचे आणि काठावर पंख पसरून वाळत बसायचे, जसं काही तळं त्यांनीच खोदलं. दिवस बुडाला की महादेवाच्या चिंचेवरची वाघळं यायची. पोट पाण्याला घासायचं, मग फांदीला उलटं लटकून ओले केस चाटायचे, एवढंच त्यांचं पिणं. या वाघळांपायी गावात दिवाळीला फटाका वाजत नसे.

म्हणून धोंडाबाई रोज दिवेलागणीला दोऱ्या काढी, झुंजुमुंजू होता पुन्हा ताणी. भारत हसायचा. म्हणायचा, मायनं वाघळांच्या दारावर नोकरी धरली. मग एका संध्याकाळी तळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून तिचा पाय सटकला. कडेचा पाइप हाती लागला म्हणून वाचली; उजवं मनगट मोडलं. दोऱ्या मी काढीन, तू तिकडं फिरकू नको, असं म्हणून भारतनं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

काल तो जळकोटला लग्नाला गेला आणि मुक्कामाला राहिला; दोऱ्या रातभर तशाच राहिल्या. आज परतताना तळ्यावर गेला, तर दोरीत वाघूळ लटकलेलं. त्यानं ते बांधाकडेला पुरलं आणि घरी येऊन हात धुतले. कुणी पाहिलं नसावं, असं त्याला वाटलं.

शिल्पानं, भारतच्या बायकोनं, दोघांना वाढलं. उन्हं भिंतीवरून उतरत होती. उद्या पहाटे मासे काढायला माणसं येणार, तोवर एक रात दोऱ्या तशाच राहू द्याव्यात, असं भारत तिला सांगत होता.

धोंडाबाई ताटाकडं बघत म्हणाली, “पिलू जित्तं होतं का रं?”

म्हणजे मायनं पाहिलं होतं. वाघळाच्या पोटाला चिकटलेलं ते पिलू स्वतः हललं होतं की वाऱ्यानं हललं, हे त्यानं नीट पाहिलंच नव्हतं.

“एक रात, माय. उद्या सगळ्या दोऱ्या जाळतो.”

तिची नजर दाराकडं गेली. बाहेर चिंचेवर किचकिच सुरू झाली.

“तळ्याकडं गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील,” भारत म्हणाला.

धोंडाबाईनं ताट सरकवलं, डाव्या हातानं कोनाड्यातला विळा घेतला आणि उंबरा ओलांडून गेली.