काचेवरची काच

काशिनाथ राऊतांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. पिशवी मळली की पिशवी बदलतात, रिमोटला मात्र बाहेरची हवा लागू देत नाहीत. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल. खास पाहुणा आला तर टॉवेल निघतो, चादर नाही. फ्रिजच्या दारावरचा कंपनीचा पातळ कागद अजून तसाच आहे, पंखा लावला की कडेने फडफडतो. निर्मळ गावाच्या पलीकडे त्यांची वाडी. केळी, चाफा, थोडी पानवेल. गावात कुणी नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढायला का-कू करू लागला, की बाकीचे म्हणतात, "काय रे, काशीभाऊंकडे जाऊन आलास वाटतं."

माणूस कंजूष नव्हे. दारी आलेल्याला केळ्यांची फणी दिल्याशिवाय सोडणार नाही. पण वस्तू म्हटली की जपायची, आणि कशी जपायची ते आपल्यालाच कळतं, यावर त्यांची ठाम श्रद्धा. स्वतःचा बटणांचा जुना फोनसुद्धा ते दिवसभर बंद ठेवतात. कुणाला करायचा असला की चालू, काम झालं की पुन्हा बंद. बॅटरी टिकते म्हणे. दुसऱ्या कुणाला त्यांना फोन करायचा असेल तर काय, हा प्रश्न विचारून विचारून घरचे थकले.

मागच्या उन्हाळ्यात घरात दुसरा फोन आला तो त्यांच्या बायकोसाठी, अनसूयाबाईंसाठी. त्याला कारण रोझमेरी. कुंपणापलीकडची रोझमेरी लोपीस आणि अनसूयाबाई यांची मैत्री चाळीस वर्षांची. एकीने चाफा तोडायचा, दुसरीने पुड्या बांधायच्या, आणि दोघींनी मिळून नवऱ्यांची उणीदुणी काढायची, नाहीतर कुंपणावरून लग्नातलं एक जुनं गाणं म्हणायचं. रोझमेरीचा घसा बसू लागला, दुखू लागला, तशी तिची मुलगी मर्सी तिला उपचाराला आपल्याकडे नाशिकला घेऊन गेली. अनसूयाबाई दिवसातून दहादा कुंपणापाशी जाऊन उगाच उभ्या राहू लागल्या. ते त्यांच्या मुलाने, केयूरने पाहिलं. तो विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट घेऊन राहतो. पुढच्या रविवारी येताना आईला मोठा चकचकीत फोन घेऊन आला.

"याच्या काचेवर ग्लास मारून आणली नाहीस?" काशिनाथांचं पहिलं वाक्य.

"बाबा, याची काच मुळातच टफ आहे. आणि आई घरातच वापरणार ना. काय गरज आहे?"

"पडला तर?"

"कसा पडेल?"

"वस्तू काय विचारून पडते?"

अनसूयाबाईंनी काचेवरून हलकेच बोट फिरवलं. "असाच बरा हाय हो. हाताला कसा गार लागतो. नका काय लावू."

काशिनाथांनी विचार करत असल्याचा चेहरा केला. विचार कसला, निकाल आधीच लागला होता. फक्त विरारला जायला दोन दिवस मिळाले नाहीत, आणि त्या दोन दिवसांत अनसूयाबाई रोझमेरीशी दोनदा मनसोक्त बोलल्या. बोट लावलं की फोन उचलला जायचा. तिसऱ्या दिवशी काशिनाथ फोन रुमालात गुंडाळून विरारला मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने पातळ ग्लास दाखवली, जाड दाखवली. त्यांनी सगळ्यात जाड घेतली. वर झाकणाचं कव्हर. घरी येऊन म्हणाले, "आता छतावरून टाकलास तरी काही होणार नाही."

खरंच काही होईना. फोन वाजे, अनसूयाबाई धावत येऊन हिरव्या चकतीवर बोट ओढत, आणि फोन आपला वाजत राही. पुन्हा ओढायचं, अंगठा दाबायचा, पदराला हात पुसून पुन्हा. तोवर वाजायचा थांबे. आपणहून लावायचा तर तीच गत. केळीच्या चिकाने आणि पुड्या बांधायच्या तिच्याच सालीच्या, सोपटाच्या दोऱ्याने त्यांच्या बोटांची टोकं शहाबादी फरशीसारखी झालेली. केयूर आला की त्याच्या मऊ बोटाला फोन लगेच दाद देई. "होतंय की, आई. नीट सरकव," एवढं बोलून तो चहा प्यायला बसे.

काशिनाथांना तर गंमतच मिळाली. "तुझी बोटं मेलीत गं. फोनला वाटतं, कुणी लाकूडच लावलं." एकदा तर न उचललेला फोनच कानाला लावून त्या "रोझे, ऐकते गं, बोल," म्हणाल्या, आणि फोन कानातच वाजत राहिला. हा किस्सा काशिनाथांनी भजनाच्या मंडळीत सांगून सगळ्यांना हसवलं. अनसूयाबाईही हसल्या. मग मोरीत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आणि मग ती दुपार. जेवणं झाली होती. अनसूयाबाई मागे पानवेलीला पाणी सोडायला गेल्या होत्या. फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. स्क्रीनवर रोझमेरीचा फोटो. काशिनाथ एरवी त्या काचेला हात लावत नसत, डाग पडतात म्हणून. तिसऱ्यांदा वाजल्यावर मात्र त्यांनी इकडेतिकडे बघून हिरव्या चकतीवर बोट ओढलं. काही नाही. जोरात ओढलं. काही नाही. फोन गप्प झाला.

अनसूयाबाई ओले पाय घेऊन धावत आल्या. "रोझीचा होता काय?"

"हो. मिस कॉल असेल." काशिनाथ पेपरात डोकं घालून म्हणाले. "पूर्वी नाही का द्यायचीस तू माहेरी पोचल्यावर? एक रिंग, म्हणजे सुखरूप. तसंच. खुशालीचा."

"तीनदा वाजला. आत ऐकू येत होता."

"मग तीनदा खुशाल आहे."

आपल्या फोनवरून लावून देतो, असं त्यांना सुचलं नाही असं नाही. पण लावून दिला असता तर वाजत होता तेव्हा तुम्हीच का नाही उचललात, हा प्रश्न आला असता, आणि आपण बोट ओढून पाहिलं नि आपल्यालाही जमलं नाही, हे निघालं असतं. बायकोच्या मेलेल्या बोटांवर गावभर हसलेल्या माणसाला ते कसं परवडणार? उद्या केयूरला सांगू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी विसरले.

रविवारी केयूर आला तो दारातूनच बोलत. "आई, मर्सीताईचा फोन होता मला. रोझीमावशीचं ऑपरेशन झालं. तब्येत बरी आहे, पण गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागली. आता आवाज नाही येणार तिला." तो चप्पल काढता काढता थांबला. "आदल्या दिवशी तुला खूप फोन केले म्हणे तिने. तुमचं ते लग्नातलं गाणं तुझ्याबरोबर एकदा म्हणायचं होतं. बाबांचा बंदच लागला."

अनसूयाबाई खालीच बसल्या. रडल्या नाहीत. दोन्ही तळहात पुढे धरून बघत राहिल्या. "माझ्या हातांतच खोट," एवढंच म्हणाल्या. काशिनाथ आतल्या खोलीत जाऊन कपाट आवरू लागले. कपाट आवरलेलंच होतं.

चार दिवसांनी ग्लासच्या कोपऱ्याला तडा दिसला. बदलून आणू, म्हणून काशिनाथांनी नखाने ती कडेने सोडवली. सोडवता सोडवता बोट खालच्या उघड्या काचेला लागलं आणि फोन फटकन उघडला. त्यांनी बंद केला, पुन्हा बोट लावलं. उघडला. त्यांचं बोट म्हणजे काही केयूरचं बोट नव्हे. तेही चिकाने काळं पडलेलं, भेगाळलेलं. त्यांनी सोडवलेली ग्लास नुसती वर ठेवली आणि बोट फिरवलं. फोन ढिम्म. बाजूला केली. उघडला. मग त्यांना ते पहिले दोन दिवस आठवले. विरारला जाण्याआधीचे.

नवी ग्लास आणली नाही, एवढं सांगितलं तरी भागलं असतं. फोन आपोआप सुधारला, म्हणता आलं असतं. केयूरने काहीतरी केलं, असंही. दिवसभर ते वाडीत हेच जुळवत फिरले. संध्याकाळी पाय धुवायला मोरीपाशी आले तर अनसूयाबाई आत बसल्या होत्या. हातात वजरी. टाचा घासायची ती वजरी त्या बोटांच्या टोकांवर घासत होत्या. टोकं लाल झाली होती, एकातून रक्त आलं होतं. शेजारी खोबरेल तेलाची वाटी.

"काय करतेस हे?"

"मऊ पडतात काय बघते," त्या वर न बघता म्हणाल्या. "रोज थोडं थोडं करते. मर्सीने रोझीची तसवीर दाखवायचा फोन केला तर निदान तो तरी उचलता यावा."

काशिनाथांना त्या क्षणी स्वतःची किळस आली. ते ओल्या फरशीवरच उकिडवे बसले आणि त्यांनी वजरी तिच्या हातातून काढून घेतली.

"तुझ्या बोटांत काही नाही, अनसू. ग्लासमुळे होत होतं. मी आणलेल्या. ती काढली नि माझ्या बोटाने उघडला."

अनसूयाबाईंनी आता मान वर केली. "कधी कळलं?"

आज, असं ते म्हणणार होते. "आज नक्की कळलं. पण त्या दुपारी मीपण ओढून पाहिलं होतं. माझ्यानेही नाही उचलला गेला. तुला सांगितलं नाही मी. मिस कॉल म्हणालो."

अनसूयाबाईंनी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. मग त्या उठल्या, हात पुसले, आणि फोन घेऊन ओसरीवर गेल्या. रक्त आलेलं बोट टाळून दुसऱ्या बोटाने त्यांनी रोझमेरीचा फोटो दाबला. एका दाबात लागला. मर्सीने फोन आईसमोर धरला. गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला, पण अनसूयाबाईंना बघताच रोझमेरी हसली. हसण्याला आवाज नव्हता. मग तिने तळहाताने पलंगाच्या कडेवर ठेका धरला आणि भुवया उंचावून खूण केली, चल, सुरू कर.

अनसूयाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. काशिनाथ खांबामागे उभे होते, त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पहिली ओळ नेहमी तीच उचलायची. मी मागून. मला मागचीच येते. तुम्ही म्हणा तिची. चाळीस वर्षं कुंपणावरून ऐकलीत की."

ठेका चालू होता. काशिनाथ पुढे आले. चाल आठवत होती, कुठे आवाज चढतो तेही आठवत होतं. शब्द मात्र एकही आठवेना. त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. पलीकडे रोझमेरी थांबली, वाट पाहिली, आणि ओठ हलवून एकेक शब्द त्यांना सावकाश दाखवू लागली. काशिनाथ त्या ओठांकडे डोळे फाडून बघत राहिले. त्यांना एकही वाचता येईना.